फ्रेम नंबर दोन

वाशिमात बदरुद्दीन मिस्त्रींचं नाव पंचरसाठी निघत असे, आणि त्यांना नेमका त्याचाच संताप होता. वीस वर्षं त्यांनी गावाच्या सायकली उभ्या ठेवल्या होत्या. पुढच्या चाकाचे वाकलेले चिमटे सरळ केले, मोडलेले पाइप पितळ वितळवून सांधले, बैलगाडीखाली गेलेल्या सायकली मालकाला ओळखू येतील इतपत परत केल्या. तरी कोणी दुकानाचा पत्ता विचारला की लोक सांगत, "ते नाई काय, पंचरवाले!" मिस्त्रींच्या मते पंचर हा धंदाच नव्हता, ते ट्यूबचं दुखणं होतं. खरी सायकल म्हणजे फ्रेम. चाकं, चेन, घंटी हे सगळं तिला लटकवलेलं सामान. हे तत्त्वज्ञान ते पंचर काढता काढताच सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्यावर त्याचा व्हावा तसा परिणाम होत नसे.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी समोरच्या दुकानातून रिठदचे ग्रामसेवक देवमन इंगोले लालबुंद होऊन बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून मिस्त्रींपुढे येऊन उभे राहिले. समोरचं दुकान इंद्रभान यांचं. तिथे कंपनीच्या कोऱ्या सायकली काचेआड उभ्या असत, आणि इंद्रभानही बहुतेक वेळ काचेआडच असत.

देवमनसाहेबांची उंची चार फूट दहा इंच होती. रुबाब मात्र चांगला सहा फुटांचा. बाजारात मिळणारी प्रत्येक सायकल त्यांच्यासाठी घोड्याइतकी उंच. सीट पार दांडीला टेकवली तरी पाय जमिनीला पोचत नसत. त्यामुळे चढायला त्यांना मैलाचा दगड, ओटा, निदान एखादं उलटं घमेलं लागे, आणि उतरायलाही तसंच काहीतरी. रिठदच्या रस्त्यावरचा एकूण एक दगड त्यांना पाठ होता. एकदा ग्रामपंचायतीच्या ओट्याशी कोणाची तरी कडब्याची गाडी उभी होती म्हणून साहेबांना उतरताच येईना. त्यांनी जमलेल्या ग्रामसभेला तीन फेऱ्या घातल्या, आणि सरपंचांनी तिन्ही वेळा उठून नमस्कार केला. चौथ्या फेरीला कोणीतरी हसलं.

"इंद्रभान मले काय म्हने मालूम हाये?" देवमनसाहेब म्हणाले. "म्हने, साहेब, तुमी लेडीज घेऊन टाका, तिले दांडी नसते."

मिस्त्रींनी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात सोडून दिली.

"मिस्त्री, माह्या मापाची सायकल बनते काय?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मिस्त्री वीस वर्षं बसून होते. "बनते!" ते इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली. "फ्रेम बनवून देतो तुमाले. नवीकोरी. माह्या हातची."

इंद्रभान काचेबाहेर आले. "मिस्त्री, फ्रेम कंपनीत बनते," ते शांतपणे म्हणाले. "वाशिमात पंचर बनते."

सगळा चौक हसला. मिस्त्रींचा चेहरा भट्टीसारखा तापला. पोळ्याच्या आत साहेब स्वतःच्या मापाच्या सायकलीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवून दाखवतील, नाहीतर आपण दुकानाची पाटी उतरवू, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. घरी आल्यावर हाजराबींनी विचारलं, "पाटी उतारोगे तो खाओगे क्या?" हाजराबी घरात हिंदीतूनच बोलत आणि नेमक्या गैरसोयीच्या गोष्टी बोलत. मिस्त्री न जेवताच झोपले.

आता माप. मिस्त्रींच्या दुकानात टेप नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांची वीत पक्की नऊ इंचांची. एकदा बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरने स्वतःची पट्टी लावून ती तपासली होती आणि "करेक्ट" असा इंग्रजी शेरा मारला होता. तेव्हापासून मिस्त्री सगळं वीत आणि बोटांतच मोजत. देवमनसाहेब माप द्यायला आले त्या दिवशी मात्र दुकानापुढे वीस-पंचवीस माणसं जमली होती. इंद्रभानांनी तर खुर्चीच बाहेर टाकली होती. आधीच ठेंगणा माणूस, त्यात भर चौकात त्याचा पाय विती लावून मोजला जाणार, आणि चौक मोठ्याने आकडे म्हणणार! साहेबांनी हातातली छत्री घट्ट धरली.

"मी घरून लिहून आनतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कागद आला. वर जावक क्रमांक, खाली सही, सहीवर गोल शिक्का. मधे लिहिलं होतं, 'पायाची आतील लांबी : चार वीत. करिता माहितीस्तव सविनय सादर.' मिस्त्रींनी तो कागद डोळ्यांपुढे धरून दोनदा वाचला. आजवर त्यांच्या दुकानात आलेलं कोणतंही काम इतक्या रीतसर आलं नव्हतं.

साहेबांची वीत केवढी, हा प्रश्न मिस्त्रींच्या डोक्यात आला नाही. आणि मिस्त्रींची केवढी, हा साहेबांच्या डोक्यात आला नाही. वीत म्हणजे वीत. हाजराबींनी तेवढं एकदा म्हटलं, "अजी, पहले आदमी को नापो, फिर लोहा काटो." मिस्त्रींनी त्यांना शिक्का दाखवला.

पाइपासाठी मिस्त्री अकोल्याला गेले. पहिल्या दुकानदाराने विचारलं, किती टन? मिस्त्री म्हणाले, एका सायकलीपुरता. दुकानदाराने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं, कारण त्याला वाटलं माणूस घरात भांडून आला असावा. दुसऱ्याने कारखान्याचा नोंदणी क्रमांक विचारला. तिसऱ्याकडे फक्त नळाचे पाइप होते. ते मनगटाएवढे जाड, आणि त्यांची सायकल बनली असती तर ती ओढायला बैल जोडावा लागला असता. शेवटी एका लोखंडी पलंग बनवणाऱ्याला दया आली आणि त्याने दहा फुटांचे दोन पाइप दिले. मात्र वरून एक तास सल्लाही दिला. त्याचं सार असं, की सायकलीपेक्षा पलंग बनवा, पलंगावर बसून कोणी पडत नाही.

दहा फुटी पाइप पॅसेंजरच्या डब्यात आत मावेनात आणि गार्ड ते खिडकीबाहेर काढू देईना. मिस्त्रींनी ते तिरपे धरले. एक टोक एका म्हातारीच्या बोचक्यात, दुसरं एका पैलवानाच्या कानाशी. जऊळक्याला गाडी थांबली तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी, त्यात आधी एकमेकांशी भांडणाऱ्यांनीसुद्धा, एकमताने मिस्त्रींना पाइपांसकट खाली उतरवलं. पुढचा प्रवास वाशिमच्या बाजाराला निघालेल्या एका बैलगाडीतून झाला. गाडीवान वाटभर विचारत होता, "पन बापा, विकत कायले नाई घेत? दुकानात रेडीमेड भेटते ना!" मिस्त्री वाटभर बैलांकडे बघत राहिले.

मग भट्टी पेटली. पाइप जोडायचे म्हणजे सांधा लाल करायचा, त्यावर सुहागा म्हणजे टाकणखार टाकायचा आणि पितळ असं सोडायचं की ते सांध्यात आपण होऊन शिरलं पाहिजे. हे काम शांतपणे करायचं असतं. मिस्त्रींनी ते सतरा माणसांच्या घोळक्यात केलं. एक म्हणे कोळसा कमी, एक म्हणे जास्त. लोहार नसलेल्या प्रत्येकाला लोखंडाची माहिती होती. एका निवृत्त मास्तरांनी तर वीतभर काठीने जमिनीवर त्रिकोण काढून दाखवला आणि सांगितलं की तुमचा कोन चुकला. मिस्त्रींनी तो त्रिकोण पायाने पुसला. दोनदा पितळ बाहेरच सांडलं आणि दोनदा सांधा घासून पुन्हा करावा लागला. दोरा ताणून फ्रेम सरळ असल्याची खात्री करेपर्यंत मृगही लागून गेला. पण फ्रेम झाली. दुकानाच्या फरशीवर ती आडवी पडली होती, आणि आडव्या पडलेल्या फ्रेमची उंची, आडव्या पडलेल्या माणसासारखीच, पटकन ध्यानात येत नाही. मिस्त्रींनी ठोकणीने तिच्यावर नंबर ठोकला, १. ठोकल्यावर त्यांनी बोट फिरवून तो एकदा चाचपून पाहिला.

रंग भाजायला हवा होता. कंपन्यांकडे त्यासाठी मोठ्या भट्ट्या असतात असं मिस्त्रींनी ऐकलं होतं. वाशिमात मोठी भट्टी एकच होती, जमशेद यांच्या बेकरीची. जमशेद मिस्त्रींचे बालमित्र. दुपारी पाव निघाल्यावर भट्टी निवत असते, तेव्हा तास-दीड तास फ्रेम आत ठेवायला काय हरकत आहे, असं ठरलं. फ्रेम सुरेख भाजली गेली. काळा रंग असा चमकला की त्यात मिस्त्रींना स्वतःचं नाक दिसलं. अडचण एवढीच झाली, की दुसऱ्या दिवशी त्याच भट्टीतून निघालेल्या टोस्टांना सायकलीचा वास येऊ लागला. डॉक्टरांकडे चार माणसं गेली. त्यांना काही झालं नव्हतं, पण चहात टोस्ट बुडवल्यावर तेलाचा तवंग आला म्हणून ती घाबरली होती. जमशेद तीन दिवस मिस्त्रींशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

हे सगळं सोसलं, कारण फ्रेम झाली होती. मिस्त्रींनी तिला चाकं लावली, चेन चढवली, सीट बसवली आणि चौकात सगळ्यांसमोर सायकल स्टँडवर उभी केली.

सीट देवमनसाहेबांच्या छातीला लागली.

इंद्रभानांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "मिस्त्री, शिडी संगं भेटते का अलग घ्या लागते?"

मिस्त्रींनी खिशातून शिक्क्याचा कागद काढला, आपला पंजा त्यावर पसरला आणि साहेबांना म्हणाले, "चार वीत. हे पाहा तुमचा हुकूम." साहेबांनी नकळत आपला पंजा शेजारी पसरला. दोन्ही पंजे शेजारी शेजारी आले तेव्हा कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. साहेबांची वीत साडेसहा इंचांवर संपत होती. कागदावरच्या मजकुराप्रमाणे मिस्त्रींनी सव्वासहा फुटी माणसाची सायकल बनवली होती.

साहेब छत्री उघडून, आभाळ कोरडं असताना, निघून गेले. मिस्त्रींनी सायकलीचं सामान उतरवलं आणि ती फ्रेम घरामागे कोंबड्यांच्या खुराड्याआड नेऊन तिच्यावर पोतं टाकलं. त्या दिवशी त्यांना हाजराबींचं न बोलणंसुद्धा ऐकू येत होतं. पोळा तीन आठवड्यांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत हाजराबी स्वतःच देवमनसाहेबांच्या वाशिमातल्या घरी गेल्या आणि त्यांच्या बायकोकडून, सुतळीला गाठ मारून, साहेबांच्या पायाचं माप घेऊन आल्या. सुतळी मिस्त्रींच्या मांडीवर टाकून म्हणाल्या, "इसको शिक्का नहीं है. मगर टांग यही है."

पुन्हा अकोला, पुन्हा पलंगवाला, पुन्हा सल्ला. या खेपेला मिस्त्रींनी पाइप अकोल्यातच सुतळीच्या मापाने कापून आणले, त्यामुळे जऊळक्याला उतरावं लागलं नाही. जमशेदांनी बेकरीचं दार लावून घेतलं होतं म्हणून रंग ब्रशने द्यावा लागला. हाजराबी पंखा घेऊन माशा हाकलत बसल्या, तरी दोन माशा चिकटल्याच. त्या आजतागायत आहेत. आणि नंबर ठोकायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी, क्षणभर थांबून, २ ठोकला. खोटं बोलणं त्यांना पंचरमध्ये जमत असे. फ्रेममध्ये जमेना.

पोळ्याच्या दोन दिवस आधी देवमनसाहेब चौकात त्या सायकलीवर बसले. दगड नाही, ओटा नाही. बसले आणि दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकवले. मग उगीचच उतरले आणि पुन्हा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते, आणि मिस्त्रींनी त्याच वेळी घमेल्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. पानठेल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रभान काचेआडून म्हणाले, "बिल्ला हाये काय तिले?"

नव्हता. सायकलीला कराचा पत्र्याचा बिल्ला हवा, नाहीतर जप्त. बिल्ला देणाऱ्या कचेरीत खिडकीमागे पंजाबराव बसत. मिस्त्री आणि देवमनसाहेब खिडकीशी आले तसा त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"कंपनी?"

"मीच," मिस्त्री म्हणाले.

पंजाबरावांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. "तुमी तं पंचरवाले ना?"

"हे सायकल म्या बनोली."

"बनोली असान. कंपनी कोनती ते सांगा. रकाना रिकामा राह्यला तं साहेब मले ओरडते." मिस्त्रींनी नाव सांगितलं. पंजाबरावांनी ते पेन्सिलीने लिहिलं, म्हणजे पुसता येईल असं. "फ्रेम नंबर?"

"दोन."

पंजाबरावांचा हात थांबला. "दोन? मंग एक कुठी हाये?"

मिस्त्री फॉर्मकडे बघू लागले.

"एक इकली? चोरीले गेली? बिनबिल्ल्याची फिरून राह्यली ते गावात?" पंजाबरावांना आता कामात रस येऊ लागला होता. "एक नंबर हजर केल्याबिगर दोनले बिल्ला देता येत नाई. माह्या रजिस्टरात आकडे लायनीत पाह्यजे. आदी एक, मंग दोन."

"पंजाबराव, दोनचा एक करून टाका ना मंग," देवमनसाहेबांनी मार्ग सुचवला. "एक रेघ तं हाये."

"लोखंडावर हाये ते," मिस्त्री म्हणाले. "अन् खरं हाये."

मिस्त्री तिथून घरी गेले, खुराड्यामागे गेले आणि पोतं ओढून बाजूला केलं. कोंबड्यांनी फ्रेमवर बऱ्यापैकी संसार मांडला होता. मिस्त्रींनी ती धोतराच्या सोग्याने पुसली, खांद्यावर घेतली आणि निघाले. कचेरीला जायचा रस्ता एकच, भर बाजारातून. तीन आठवडे जी लपवली ती फ्रेम सगळ्या वाशिमाने बघितली. कोणी विचारलं, उंटासाठी काय मिस्त्री? मिस्त्रींनी मान वळवली नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. फ्रेम जड नव्हती, पण त्या दिवशी ती नळाच्या पाइपांची असल्यासारखी वाटली.

पंजाबरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघितलं, मग देवमनसाहेबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हे कोनासाठी बनोली?"

"याइच्यासाठीच," मिस्त्री म्हणाले. "चुकली. माही चूक हाये. लिहून घ्या."

खिडकीपुढची रांग हसायला लागली. तेवढ्यात देवमनसाहेब पुढे झाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"नाई पंजाबराव. चूक माही हाये. चौकात पाय मोजू द्याची मले लाज वाटली. म्हनून म्या घरून लिहून आनलं, माह्या वितीनं. त्याइनं तं शिक्क्याचा मान ठेवला."

चार फूट दहा इंचांचा माणूस रांगेसमोर हे बोलला. हसणारे एकेक करून गप्प झाले. पंजाबरावांनी रजिस्टर उघडलं. आधी एक लिहिला, मग दोन. पेन्सिलीने लिहिलेलं नाव शाईने गिरवलं. आणि बिल्ला दिला.

पोळा गेला. पाटी जागेवर राहिली. देवमनसाहेब रिठदला ऐटीत जाऊ-येऊ लागले, आणि मिस्त्रींना वाटलं, चला, सुटलो. दहाव्या दिवशी कचेरीचा शिपाई एक लिफाफा देऊन गेला. मिस्त्रींनी तो तसाच धरून ठेवला आणि संध्याकाळी देवमनसाहेब आले तेव्हा त्यांच्यापुढे केला. साहेबांनी दुकानासमोर उभं राहून मोठ्याने वाचला.

"'श्री. बदरुद्दीन मिस्त्री, सायकल निर्माते, वाशिम, यांस. आपण आजपावेतो एकूण दोन फ्रेम निर्माण केल्याचे अभिलेखावरून सिद्ध होत आहे. सबब, कारखान्याचा परवाना नसताना सायकलींचे उत्पादन का चालविले, याचा लेखी खुलासा सात दिवसांचे आत सादर करावा. कसूर केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.'" साहेब घाबरले. "मिस्त्री, हे तं मोठं लचांड झालं. नोटीस हाये!"

मिस्त्री स्टुलावर सावकाश बसले. "वरचं वाचा बरं अजून एकडाव."

"श्री. बदरुद्दीन मिस्त्री, सायकल निर्माते."

"जरा जोरानं."

साहेबांनी जोराने वाचलं. समोर काचेआड इंद्रभानांनी वर्तमानपत्र उंच धरलं.

"सरकारी हाये ना हे? सही हाये?"

"सही हाये, शिक्का हाये. पन अहो, खुलासा द्या लागते! काय लिहू?"

चहा घेऊन दुकानात आलेल्या हाजराबी आतून म्हणाल्या, "लिखो, माफ करो, अब नहीं बनाएंगे."

मिस्त्रींनी कागद साहेबांच्या हातातून घेतला, घडीवर घडी न पाडता पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि कोपऱ्यातला उरलेला पाइप ओढून पकडीत घट्ट आवळला.

"लिहा," ते म्हणाले. "का, आपला आकडा चुकला हाये. दोन नाई, तीन."

"तिसरी? कोनाची ऑर्डर हाये?"

"अजून कोनाची नाई," मिस्त्री म्हणाले आणि करवत चालवू लागले.